चौकशी

लेक लांब देऊ नये, असं आमच्या भागात म्हणतात. लांब म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या आजीच्या लेखी वैरागहून बार्शीसुद्धा लांब होती, कारण बैलगाडीनं गेलेली लेक त्याच दिवशी माघारी येत नसे. माझ्या लेकीचं सासर आता जर्मनीत, स्टुटगार्ट शहरात आहे. तिथं जायचं तर आधी मुंबई गाठावी लागते, आणि मुंबईच्या आधी कागद गाठावे लागतात. त्या कागदांविषयी चार शब्द लिहावेत, असं बरेच दिवस मनात होतं. आपल्या माळकरी घरांतली मुलंही आता परदेशी सोयरीक करू लागली आहेत. दिंडीत पूर्वी पावसापाण्याच्या आणि भावाच्या गोष्टी निघत. आता दुपारच्या विसाव्याला कुणीतरी हळूच विचारतं, ‘गुरुजी, तुमच्या लेकीला व्हिसा मिळायला किती दिवस लागले हो?’

सोयरिकीत आपल्याकडं पहिली गोष्ट चौकशी. मुलाच्या गावात ओळखीचा माणूस काढायचा. दुकानदाराला विचारायचं, शाळेतल्या मास्तरांना विचारायचं, त्या गावचा कुणी माळकरी फडावर भेटतो का ते बघायचं. मुलगा पितो का, डोक्यावर कर्ज किती, आधी कुठं ठरून मोडलंय का, सासूचा स्वभाव कसा. माझ्या पुतणीच्या वेळी मी मोहोळ तालुक्यातल्या एका गावात दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा तर ‘बियाणं बघायला आलोय’ असं सांगून पारावर तासभर बसलो होतो. वारीच्या वाटेवर टाळ खाली ठेवून दोन म्हातारे कानाला लागलेले दिसले, तर शंभरातल्या नव्वद वेळा कुणाच्यातरी लेकीची चौकशी चाललेली असते.

आमची एकुलती एक लेक पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करायची. तिथं कंपनीच्या कामासाठी जर्मनीहून आलेल्या मुलाशी तिची ओळख झाली. तिनं घरी येऊन स्पष्ट सांगितलं. हिनं, म्हणजे तिच्या आईनं, एकच प्रश्न विचारला, ‘मांसमच्छी खातो का?’ लेक म्हणाली, ‘खातो.’ मग त्या दिवशी घरात कुणी फार बोललं नाही. मी नाही म्हणालो नाही, पण हो म्हणायला मला तीन महिने लागले. जातीचा किंवा धर्माचा प्रश्न नव्हता. या दारात सगळ्यांना रामकृष्णहरी म्हणूनच आत घेतलं जातं. प्रश्न होता चौकशीचा. स्टुटगार्टच्या पारावर जाऊन मी कुणाला विचारणार?

त्या तीन महिन्यांत आमच्या चुलत भावानं मला एक गोष्ट आठवून दिली. तो सोलापूरला गिरणीत होता. म्हणाला, ‘अरे, आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. डॉक्टर कोटणीस विसरलास का?’ द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९१० सालचा जन्म. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यांत हे होते. बाकीचे परतले, हे राहिले. तिथंच १९४१ साली त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. त्यांच्या भाषेत यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचं होत नाही तोच, ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले. वय बत्तीस. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पण चित्रपटाच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्वोबाई पुढं सत्तर वर्षं जगल्या, २०१२ साली वारल्या, आणि त्या काळात त्या अनेकदा भारतात सासरी येऊन गेल्या. दोन देशांत १९६२ चं युद्ध झालं, सरकारं एकमेकांशी बोलेनाशी झाली, तरी सासर तुटलं नाही.

उलट दिशेनं आलेल्या सुनाही आपल्याकडं आहेत. परमवीर चक्राचं चिन्ह ज्यांनी रेखाटलं त्या सावित्रीबाई खानोलकर मूळच्या युरोपातल्या. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी त्यांनी १९३२ साली लग्न केलं, इथल्याच झाल्या, आणि पुढं महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतल्या. भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यात कासेगावला राहिल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि पतीबरोबर तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. हे सगळं वाचून माझी काळजी गेली असं नाही. पण काळजीला सोबत मिळाली.

मी होकार दिला आणि कागद सुरू झाले.

लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं, सोलापूरला विवाह अधिकाऱ्यांसमोर करायचं ठरलं. त्यासाठी दोघांपैकी एकानं तरी नोटिशीच्या आधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. लेक तेव्हा घरूनच काम करत होती, त्यामुळं ते जमलं. मग नोटीस फलकावर लागते आणि तीस दिवस थांबायचं. कुणाचा आक्षेप असेल तर त्यानं तो तेवढ्यात घ्यायचा. मुलाला त्याच्या गावच्या नोंदणी कार्यालयाकडून एक दाखला आणावा लागला. त्याचं जर्मन नाव उच्चारताना जिभेला घाम फुटतो. अर्थ एवढाच की हा माणूस लग्नाला मोकळा आहे, त्याच्या देशाच्या कायद्यानं या लग्नाला अडथळा नाही. दाखला सहा महिनेच चालतो. तो कागद लेकीनं मला वाचून दाखवला तेव्हा मी मनात म्हटलं, पांडुरंगा, माझा पहिला प्रश्न तर तिथल्या सरकारनंच विचारून ठेवलाय. आधीचं लग्न आहे का, हे पारावर बसून मला याहून पक्कं कळलं नसतं.

मुलगा आमच्या घरी उतरला त्या दिवशी आणखी एक कागद निघाला. तेव्हा परदेशी पाहुणा घरी आला की चोवीस तासांत फॉर्म सी भरून कळवावं लागे. लॉजवाल्यांना लागे तसंच घरवाल्यांनाही. त्या फॉर्मात आमच्या घराचा पत्ता, खोली, पाहुणा आला कुठून, जाणार कुठं, सगळं लिहिलं. ही म्हणाली, ‘जावई येतोय की कलेक्टर?’ पाहुण्यानं गावाच्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितलं, वैराग म्हणजे कशाचाही लोभ नसणं. तो दारातल्या ज्वारीच्या पोत्यांकडं, गाईकडं आणि हिनं मांडलेल्या अकरा वाट्यांच्या ताटाकडं बघून हसला.

जानेवारी २०२३ मध्ये तीन साक्षीदारांच्या सह्या होऊन लग्न लागलं. संध्याकाळी घरी अंतरपाट धरला, कारण हिचं म्हणणं होतं की सहीनं नोंद होते, अक्षतांनी लग्न होतं.

खरी कसोटी पुढंच होती. आपल्या देशानं २००५ पासून अपोस्टिल नावाची पद्धत स्वीकारली आहे. परराष्ट्र खात्यानं दाखल्यावर तसा शिक्का दिला की शंभराहून जास्त देश तो दाखला खरा धरतात. आम्हाला वाटलं, शिक्का मारून घेऊ, झालं. पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत या पद्धतीला हरकत घेतलेली आहे. आपल्याकडच्या दाखल्यांवर त्यांचा तेवढा भरवसा नाही. म्हणून त्यांची वकिलात गरज वाटेल तिथं दाखल्यांची पडताळणी करवून घेते. नेमलेला माणूस मूळ नोंदवही बघतो, माणसांना विचारतो, अहवाल पाठवतो. खर्च आपला, आणि महिने किती लागतील ते सांगता येत नाही.

त्यात लेकीच्या जन्माच्या नोंदीत नावच नव्हतं. वहीत माझं नाव, आईचं नाव, तारीख, आणि पुढं नुसतं ‘मुलगी’. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली, पुन्हा कुणी गेलं नाही. आमच्या पिढीत घरोघर हेच. तेव्हाची ग्रामपंचायत आता नगरपंचायत झालेली. जुनं दप्तर शोधण्यापासून सुरुवात. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं एक इंग्रजी स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. एका कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर सहा फेऱ्या झाल्या. तिथल्या साहेबांनी सातव्या फेरीला माझ्या गळ्यातली माळ बघून ‘बसा माउली’ म्हटलं, आणि काम त्या दिवशीही झालं नाही. असो. शेवटी नाव चढलं. ज्यांच्या घरी मुलं-नातवंडं आहेत त्यांना मी हात जोडून सांगतो, जन्मनोंदीत नाव आहे का ते आजच बघून घ्या, आणि सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं आहे का तेही.

मग पावसाळ्याच्या तोंडाला ते वकील आले. चाळिशीचे, सभ्य गृहस्थ. आधी नगरपंचायतीत नोंदवही पाहून आले होते. आमच्याकडं चहा घेतला, लग्नाचे फोटो पाहिले, आणि मग म्हणाले, ‘गुरुजी, राग मानू नका, पण शेजारीपाजारी विचारावं लागेल.’ समोरच्या काकूंना विचारलं, या घरात किती मुलं, या मुलीचं आधी लग्न झालं होतं का, हे लग्न खरंच झालं का. काकू म्हणाल्या, ‘झालं का म्हणजे? मी दोन बुंदीचे लाडू खाल्ले, अजून शुगर उतरली नाही!’ कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं. शाळेत जाऊन आले.

मला ते लागलं. अडतीस वर्षं या गावात मी पोरांना ‘खरं बोलावं’ हा धडा शिकवला, आणि आता कुणीतरी गल्लीत विचारत फिरतं की गुरुजी खरं बोलतायत का. रात्री जेवताना मी तसं बोललो. ही ताटात भाकरी वाढत होती. वर न बघता म्हणाली, ‘तुम्ही नाही का बियाणं बघायला गेला होता?’

मी गप्प जेवलो. ती म्हणाली ते असं होतं: आपण मोहोळकडं गेलो ते लेकराच्या काळजीनं गेलो, आणि ज्यांच्याविषयी विचारलं त्या घरालाही कधीतरी ते कळलं असेलच, त्यांनी पुढं दहा वर्षं आपल्याला मानानं वाढलंय. फरक आहे, नाही असं नाही. आपली चौकशी जोडण्यासाठी असते, सरकारची पुष्कळदा तोडण्यासाठी असते. खोटी लग्नं करून माणसं नेणारे दलाल आहेत, म्हणून खऱ्यांनाही उन्हात उभं राहावं लागतं. पण त्या वकिलांनी आमच्या गल्लीत विचारलेला एकही प्रश्न असा नव्हता, जो मी स्टुटगार्टमध्ये विचारला नसता.

भाषेचीही अट होती. नवरा किंवा बायको म्हणून जर्मनीत जाणाऱ्याला, काही अपवाद सोडले तर, निघण्याआधी जर्मन भाषेची पहिली पायरी पार करावी लागते. हा नियम २००७ पासूनचा. अमेरिका, जपान अशा काही देशांच्या नागरिकांना तो लागू नाही, आपल्याला आहे. हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. लेकीनं पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, असे चार भाग. ती घरी मोठ्यानं पाठ करायची आणि तिची आई स्वयंपाकघरातून तिच्यामागं म्हणायची. आजही ही जावयाला फोनवर जर्मनमध्ये ‘माझं नाव अमुक, मी वैरागला राहते’ असं सांगते, आणि तो दर वेळी ‘भेटून आनंद झाला’ म्हणतो.

या सगळ्या कागदांत माझा एक प्रश्न कुठंच नव्हता. उत्पन्न, घराचं क्षेत्रफळ, विमा, सगळ्याला रकाना होता. आम्ही थकल्यावर ही लेक येऊ शकेल का, याला नव्हता. जावई पुन्हा आला तेव्हा एका संध्याकाळी संतनाथ महाराजांच्या देवळाकडं जाताना मी त्याला विचारलं. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं मराठी त्याहून मोडकं. तो थोडा वेळ चालत राहिला, मग म्हणाला, ‘मला माहीत नाही. पण तिच्या तिकिटाचे पैसे मी वेगळे ठेवीन, त्यांना हात लावणार नाही.’ आपल्याकडचा कुणी असता तर म्हणाला असता, ‘मामा, तुम्ही काळजीच करू नका.’ काळजी करू नका म्हणणाऱ्याचा मला जरा संशय येतो. हे उत्तर मला चाललं.

२०२३ च्या दिवाळीनंतर व्हिसा आला आणि लेक गेली. तिथं नव्या घरी गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदणीत एक गंमत झाली. आपल्या पासपोर्टवर मुलीच्या नावापुढं वडिलांचं नाव असतं. त्यांच्याकडं तशी रीत नाही. पहिल्या नावाच्या रांगेत जे असेल ते सगळं तिचंच. तेव्हा तिच्या तिथल्या ओळखपत्रावर, विम्यावर, बँकेत, माझं नाव हे तिचं दुसरं नाव आहे. दवाखान्यात तिला कधीकधी माझ्याच नावानं हाक मारतात. लेकीनं हसत हसत सांगितलं. ही म्हणाली, ‘जन्माच्या वहीत नुसतं तुमचंच नाव होतं, आताही तुमचंच पुढं!’

गेल्या माघात हिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी लेकीला रात्री फोन केला, तिसऱ्या दिवशी ती दारात उभी होती, तिसऱ्या महिन्याच्या ओकाऱ्या सोसत. पैसे खरोखर वेगळे ठेवलेले होते. आणि पासपोर्ट भारताचा, म्हणून इकडं यायला कुणाची परवानगी काढावी लागली नाही.

पुढचा प्रश्न त्या पासपोर्टचाच आहे. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला, तिथं तीन वर्षं राहिल्यावर बाकीच्या अटी पुऱ्या केल्या तर नागरिकत्व मागता येतं. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. पण आपला कायदा दोन ठेवू देत नाही; त्यांचं घेतलं की आपलं गेलं. मग ओसीआय कार्ड घ्यायचं. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं मात्र येऊ शकते. आमची साडेतीन एकर ज्वारी-तुरीची जमीन आहे, तिच्यावर तिचं नाव लागेल एवढं मी तलाठ्याकडं आणि वकिलाकडं विचारून घेतलंय. पासपोर्टचं ती ठरवेल. जावयानंही ओसीआयसाठी अर्ज केला आहे. भारतीयाच्या जोडीदाराला लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं झाल्यावर तो करता येतो, आणि त्याआधी आपलं सरकार त्याची सुरक्षा तपासणी करतं. म्हणजे आता चौकशी त्याचीही चालू आहे. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘वकिलांना लाडू द्या.’

लेकीचे दिवस श्रावणात भरतात. आम्हा दोघांना जायचंय. नव्वद दिवसांचा व्हिसा, माणशी नव्वद युरो फी, तीस हजार युरोचा विमा, आणि आमचा सगळा खर्च जावई उचलेल असं त्यानं तिथल्या कार्यालयात लिहून दिलेलं हमीपत्र. सासऱ्याची हमी जावयानं घ्यायची, हे आमच्या आजीनं ऐकलं असतं तर तिनं पदर तोंडाला लावला असता. अर्जासोबत आम्ही परत येऊ याचा पुरावा लागतो. पेन्शनचा कागद दिला, सातबारा दिला. अर्ज भरून देणाऱ्या मुलानं विचारलं, ‘अजून काही कारण?’ मी म्हटलं, ‘कार्तिकी.’ त्यानं वर बघितलं. मग अर्जासोबतच्या पत्रात इंग्रजीत एक ओळ घातली, की अर्जदार दर वर्षी पंढरपूरला जातात आणि नोव्हेंबरच्या आधी परत येणं त्यांना भाग आहे.

व्हिसा ज्येष्ठात आला. आधी आषाढी आहे. पौर्णिमेचा काला करून मी वैरागला परत येणार आणि त्यानंतर चार दिवसांनी विमान. हिनं खारीक, डिंक, हळीव, गोडंबी बांधून ठेवलीय. तूप मात्र नेता येत नाही. दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरच्या देशातून आणायला तिथं बंदी आहे. हे ऐकून दोन दिवस ही बोलली नाही. गाईच्या दुधाचं तूप महिनाभर साठवलं होतं तिनं. तिसऱ्या दिवशी लेकीला फोन लावून विचारलं, ‘तुमच्याकडं लोणी मिळतं का गं?’ मिळतं, चांगलं मिळतं, असं कळलं. आता ती लोखंडी कढई बॅगेत बसते का ते बघतेय.